विकतचा रिसाला

कॉर्नेट 840 पौंड, लेफ्टनंट 1,190, कॅप्टन 3,225, मेजर 4,575, लेफ्टनंट कर्नल 6,175. इंग्लंडच्या घोडदळात हुद्दे विकत मिळत, त्या काळातलं हे सरकारी दरपत्रक. राजाच्या खास रक्षक रेजिमेंटांचे दर याहून चढे होते. वरचा हुद्दा हवा असेल तर हातातला विकायचा आणि मधला फरक भरायचा. नोकरी सोडताना शेवटचा हुद्दा विकून जे पैसे येतील त्यांवर म्हातारपण काढायचं. अधिकारी लढाईत पडला तर बहुधा ती रक्कम बुडाली. घरच्यांच्या हाती काही लागत नसे. नावाजलेल्या रेजिमेंटसाठी या दराच्या वर आणखी बरेच पैसे आतून दिले जात. कायद्याला ते मंजूर नव्हतं, पण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाले. हे चरित्र वाचायला घेण्याआधी वाचकांनी हे दरपत्रक मनाशी ठेवावं, एवढी माझी विनंती आहे. पुढे जे जे घडतं त्याचा धागा कुठेतरी इथे येऊन मिळतो.

आपल्याकडे बारगीर आणि शिलेदार हा भेद लहानपणापासून कानावर पडलेला असतो. बारगीर सरकारी पागेतल्या घोड्यावर बसायचा, शिलेदार स्वतःचं घोडं घेऊन चाकरीला यायचा. इंग्रजांनी हिंदुस्थानात देशी रिसाले उभारले तेव्हा हीच शिलेदारी पद्धत नावासकट उचलली. शिलेदाराचं घोडं हीच त्याची आयुष्यभराची पुंजी. घोडं मेलं की तो रस्त्यावर आला. इंग्लंडात उलट होतं. साध्या स्वाराला घोडं सरकारचं, पुंजी गुंतलेली असायची ती त्याच्यावर हुकूम चालवणाऱ्याची. ज्याने पैसे मोजले त्याला रेजिमेंट ही आपली मालमत्ता वाटू लागली, तर त्या व्यवस्थेत नवल नव्हतं. वेलिंग्टनसारखा मोठा सेनापती या पद्धतीच्या बाजूने उभा होता. जमीनजुमला असलेल्या घराण्यांच्या हाती फौज राहिली तर ती राज्य उलथवायला उठणार नाही, हा त्यामागचा हिशोब. क्रॉमवेलच्या लष्करी राजवटीची धास्ती इंग्रजांच्या मनातून दीडशे-पावणेदोनशे वर्षांनंतरही गेली नव्हती.

या पुस्तकाचा नायक, जेम्स टॉमस ब्रुडनेल, कार्डिगनचा सातवा अर्ल, 16 ऑक्टोबर 1797 रोजी जन्मला. बहिणींच्या घोळक्यात वाढलेला एकुलता एक मुलगा. नॉर्थॅम्प्टनशायरमधला डीन पार्कचा वाडा, आजूबाजूची जमीन आणि पुढे येणारी उमरावी यांचा वारस. हॅरोच्या शाळेत शिकला, ऑक्सफर्डला क्राइस्ट चर्च कॉलेजात गेला आणि पदवी न घेताच बाहेर पडला. 1818 मध्ये मार्लबरो या, नातेवाइकांच्या मुठीत असलेल्या मतदारसंघातून पार्लमेंटात बसला. दिसायला देखणा होता, घोड्यावरची मांड पक्की होती आणि शिकारीत कुठलंही कुंपण घोड्यावरून ओलांडायला तो कचरत नसे. पण त्याला हवा होता तो रिसाला.

1824 मध्ये, वयाच्या 26व्या वर्षी, तो आठव्या हुसार रेजिमेंटमध्ये कॉर्नेट म्हणून दाखल झाला. या वयात कॉर्नेट म्हणजे उशीरच. मात्र 1830 संपता संपता तो लेफ्टनंट कर्नल होता. साडेसहा वर्षांत पाच पायऱ्या, आणि या काळात एकाही लढाईचा धूर त्याने पाहिलेला नव्हता. वॉटर्लूला लढलेले कित्येक अधिकारी तेव्हा अजून कॅप्टनच होते. पुढची पायरी चढायला लागणारे पैसे त्यांच्याकडे नव्हते. 1832 मध्ये ब्रुडनेलने पंधराव्या हुसार रेजिमेंटचं आधिपत्य घेतलं. सरकारी दर सहा हजारांच्या आसपास, पण प्रत्यक्षात 35,000 पौंडांवर रक्कम मोजल्याची बोलवा होती.

तिथे दोन वर्षंही निभली नाहीत. वॉटर्लू पाहिलेला कॅप्टन वॉथन याच्याशी त्याचं बिनसलं आणि प्रकरण लष्करी न्यायालयात गेलं. हाताखालच्या माणसांकरवी आपल्याच अधिकाऱ्यांचे शब्द चोरून टिपून ठेवण्याची कर्नलची रीत त्या सुनावणीत उघडी पडली. वॉथन निर्दोष सुटला आणि 1834 मध्ये ब्रुडनेलला अधिकारपदावरून दूर केलं गेलं. न्यायालयाने इतक्या स्पष्टपणे नाकारलेल्या माणसाची लष्करी कारकीर्द इथेच संपायला हवी होती. दोन वर्षांनी, घराण्याची सगळी वजनं खर्ची पडल्यावर, त्याला अकरावी लाइट ड्रगून्स मिळाली. त्यावरून पार्लमेंटात विरोध झाला, वर्तमानपत्रं तुटून पडली आणि तरीही नेमणूक टिकली. मला हा प्रसंग पुढे 1854 मध्ये झालेल्या बालाक्लावाच्या हल्ल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. बालाक्लावाच्या दरीकडे जाणारा रस्ता 1836 मध्येच बांधून झाला होता.

अकरावी रेजिमेंट तेव्हा हिंदुस्थानात होती, 1819 पासून. भरतपूरच्या वेढ्यात तिने नाव कमावलेलं होतं. 1837 मध्ये कानपूरला पोचलेला नवा कर्नल तिच्यासोबत जेमतेम काही आठवडे राहिला. त्याच वर्षी वडील वारले आणि तो अर्ल झाला. वर्षाकाठी 40,000 पौंडांच्या घरातलं उत्पन्न त्याच्या हाती आलं. 1838 मध्ये रेजिमेंट मायदेशी परतली आणि तिथे एक नवी तेढ सुरू झाली. ती समजण्यासाठी पुन्हा दरपत्रकाकडे यावं लागतं. अधिकारी मेल्याने रिकामी झालेली जागा विकली जात नसे. ती ज्येष्ठतेने, फुकट, खालच्याला मिळे. हिंदुस्थानातली हवा, पटकी आणि ताप यांमुळे अशा जागा इथे वरचेवर रिकाम्या होत. म्हणून ज्यांच्याकडे पैसा नव्हता पण सैनिकी पेशाची ओढ होती, असे लोक हिंदुस्थानात राहत, पगारावर भागवत आणि साथीदारांच्या कबरी मागे ठेवून एकेक पायरी चढत. कार्डिगन या लोकांना ‘इंडियन ऑफिसर’ म्हणे, आणि त्याच्या तोंडी ती शिवी होती. रेजिमेंटमध्ये काम येणारे, अनुभवी, घोडा आणि स्वार दोन्ही ओळखणारे लोक हेच होते. तेच त्याला नकोसे होते.

मे 1840 मधलं ‘काळ्या बाटली’चं प्रकरण इंग्लंडभर गाजलं ते या पार्श्वभूमीवर. मेसच्या मेजवानीत पाहुण्यासाठी कॅप्टन जॉन रेनॉल्ड्सने मोझेल वाइन मागवली आणि ती सुरईत न ओतता बाटलीतच आली. कर्नलला ती काळी बाटली स्वस्त बिअरची वाटली. आपल्या मेजावर असला गावठीपणा चालणार नाही म्हणून त्याने रेनॉल्ड्सला जाब विचारायला लावला आणि अखेर अटकेत टाकलं. एका बाटलीवरून एवढं रामायण झालं, असं म्हणून हा प्रसंग पुष्कळांनी गंमतीचा केला आहे. मला तो तसा मांडवला नाही. रेनॉल्ड्स हिंदुस्थानात घडलेला अधिकारी होता, आणि ज्याच्याकडे विकत घेण्याजोगं काही उरलेलं नाही अशा माणसाचा मान काढून घेणं ही लहान गोष्ट नाही.

त्याच वर्षी 12 सप्टेंबरला विम्बल्डनच्या माळावर कार्डिगनने कॅप्टन हार्वी टकेटशी द्वंद्वयुद्ध केलं. टकेटही हिंदुस्थानात राहिलेला. त्याने वर्तमानपत्रात कर्नलविरुद्ध पत्र लिहिलं होतं. दुसऱ्या फैरीला टकेटला गोळी लागली. तो वाचला, पण द्वंद्वयुद्ध कायद्याने गुन्हा होता आणि उमरावाचा खटला उमरावांपुढेच चालायचा. 16 फेब्रुवारी 1841 रोजी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये सुनावणी झाली. आरोपपत्रात जखमी माणसाचं पूर्ण नाव हार्वी गार्नेट फिप्स टकेट असं होतं. माळावर मिळालेल्या भेटकार्डावर नुसतं कॅप्टन हार्वी टकेट. हे दोघे एकच, हे सरकार पक्षाने सिद्ध केलं नाही, आणि तेवढ्यावर कार्डिगन निर्दोष ठरला. एकामागून एक उमराव उठून छातीवर हात ठेवून ‘निर्दोष’ म्हणत गेले. क्लीव्हलंडच्या ड्यूकने मात्र त्यात ‘कायद्याने’ एवढा एक शब्द घातला. त्या दिवसाचा सगळा वृत्तांत वाचताना त्या एका शब्दापाशी मी थांबलो आणि पुष्कळ वेळ पुढे जाऊ शकलो नाही.

दोनच महिन्यांनी, ईस्टरच्या रविवारी, हाउन्स्लोच्या छावणीत प्रार्थना आटोपल्यावर स्वारांना तिथेच थांबवून एका शिपायाला फटके मारण्यात आले. ज्या छपराखाली प्रार्थना झाली त्याच छपराखाली. फटक्यांची शिक्षा त्या काळी सर्रास होती, कार्डिगनने ती शोधून काढलेली नव्हती. पण तो दिवस आणि ती जागा पाहून कट्टर राजनिष्ठ माणसंही हादरली.

त्याची दुसरी बाजूही मांडायला हवी, आणि ती मी आखडता हात घेऊन मांडलेली नाही. दरवर्षी स्वतःच्या खिशातून सुमारे 10,000 पौंड तो रेजिमेंटवर घाली. 1840 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या नियोजित पतीला, प्रिन्स अल्बर्टला, डोव्हरहून कँटरबरीला नेण्याचा मान अकरावीला मिळाला. त्यानंतर लाइट ड्रगून्सची ती हुसार्स झाली, तिचं नाव अल्बर्टवरून पडलं आणि स्वारांच्या अंगावर गडद लाल विजारी आल्या. घोडे उत्तम, खोगीर-लगाम झळझळीत, कवायत बिनचूक. नुसत्या डोळ्यांना दिसणारं सौंदर्य एवढंच त्याचं स्वप्न होतं, पण त्या स्वप्नाला त्याने जीव लावला होता.

1854 मध्ये रशियाशी युद्ध जुंपलं तेव्हा कार्डिगन 56 वर्षांचा होता, छातीच्या विकाराने बेजार होता, आणि तरी लाइट ब्रिगेडचं आधिपत्य घेऊन निघाला. त्याच्यावर संपूर्ण घोडदळाचा सेनापती म्हणून नेमला गेला लॉर्ड लुकन, त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं हे सगळ्या लंडनला ठाऊक होतं. युद्धखात्याला ठाऊक नसेल असं मानणं कठीण आहे. उन्हाळ्यात डॅन्यूबच्या बाजूला रशियन कुठवर आहेत हे पाहायला कार्डिगन स्वारांची तुकडी घेऊन गेला आणि दोनेक आठवड्यांनी परतला. शत्रू फारसा भेटला नाही, पण घोड्यांच्या पाठी खोगिराखाली सोलवटून निघाल्या होत्या आणि शंभराच्या आसपास घोडी कामातून गेली होती. चंदी नाही, पाणी नाही, वर उन्हाचा कहर. कवायतीच्या मैदानावर घोड्याची जी निगा ठरलेल्या वेळी होते, ती मोहिमेत सेनापतीच्या डोक्यात असावी लागते. पागेतला साधा मोतद्दारही हे सांगू शकला असता.

25 ऑक्टोबर 1854. क्रिमियातलं बालाक्लावा. कार्डिगन रात्री बंदरातल्या आपल्या खासगी नौकेवर झोपे, सकाळी छावणीवर येई. त्या सकाळी जड घोडदळाने जनरल स्कार्लेटच्या मागे चढणीवर हल्ला करून मोठा रशियन जमाव मोडला. जवळच लाइट ब्रिगेड उभी होती. पळत्या शत्रूवर तुटून पडू द्या म्हणून सतराव्या लान्सर्सचा कॅप्टन मॉरिस विनवत होता, पण कार्डिगन हलला नाही. आपल्याला जागा सोडू नका असा हुकूम आहे, हे त्याचं उत्तर. माझ्या मते त्या दिवसाचं खरं अपयश हे. पुढची दौड त्याच्या हातात नव्हती, ही संधी होती.

मग तो प्रसिद्ध हुकूम आला. टेकाडावर बसलेल्या सरसेनापती लॉर्ड रॅग्लनला वरून सगळं दिसत होतं: रशियन सैनिक कॉजवेच्या उंचवट्यावरून काबीज केलेल्या तोफा ओढून नेत होते. घोडदळाने त्या नेऊ देऊ नयेत, असा त्याचा अर्थ. जनरल एअरीने तो कागदावर उतरवला. खाली उभ्या लुकनला त्या तोफा दिसतच नव्हत्या. दिसत होत्या त्या दरीच्या टोकाशी मांडलेल्या रशियन तोफा. निरोप घेऊन आला कॅप्टन नोलन, पंधराव्या हुसार्सचा, हिंदुस्थानात चाकरी केलेला, घोडदळावर ग्रंथ लिहिलेला जाणकार. त्या ग्रंथात निजामाच्या स्वारांची एक हकीकत आहे. त्यांच्या तलवारींचे घाव इतके खोल कसे, याचा शोध घेता कळलं की पाती इंग्रजी घोडदळाने टाकून दिलेलीच होती. फक्त त्यांना धार लावून ती लाकडी म्यानात ठेवलेली असत, कारण पोलादी म्यानात धार बोथटते. इतक्या बारकाईने पाहणाऱ्या माणसाने कुठल्या तोफा, या प्रश्नाला रागाने दरीच्या दिशेने हात केला. तो असं का वागला, याची मला सुचलेली उत्तरं मी चौथ्या प्रकरणात मांडली आहेत.

कार्डिगनने लुकनला सांगितलं की समोर तोफा आहेत आणि दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवरही आहेत. रॅग्लनचा हुकूम आहे, असं उत्तर मिळालं. त्याने तलवारीने सलाम केला आणि सर्वांच्या पुढे, एकटा, आपल्या तांबूस ‘रोनाल्ड’वर जाऊन उभा राहिला. मागे सुमारे 670 स्वार: पहिल्या फळीत तेरावी लाइट ड्रगून्स आणि सतरावी लान्सर्स, मग अकरावी हुसार्स, मागे चौथी लाइट ड्रगून्स आणि आठवी हुसार्स. समोर मैलाहून लांब दरी. नोलन सुरुवातीलाच तोफगोळ्याच्या कपच्याने पडला. कार्डिगन ताठ बसून, चाल न मोडता, मागे वळून न पाहता पुढे जात राहिला, आणि तोफांच्या धुरात शिरणारा पहिला स्वार तो होता. या धैर्याबद्दल कुठलीही शंका मला घेता आलेली नाही. त्याच्या शत्रूंनाही घेता आली नाही.

पण तोफांपलीकडे पोचल्यावर तो परतला. आपलं काम ब्रिगेडला तिथवर नेण्याचं होतं, ते झालं, असं तो शेवटपर्यंत सांगत राहिला. धुरात विखुरलेले स्वार, मागून येणारी दुसरी-तिसरी फळी, पुढे जमलेलं रशियन घोडदळ, या साऱ्यांतून उरलेल्यांना गोळा करून बाहेर काढलं ते लॉर्ड जॉर्ज पॅजेट आणि कर्नल डग्लस यांनी. शंभराहून जास्त माणसं मेली, त्याहून जास्त जखमी झाली, साडेतीनशेच्या आसपास घोडी गेली. हल्ल्यानंतरच्या हजेरीला घोड्यावर बसलेले स्वार 195 भरले. उरलेल्या घोड्यांची पुढच्या हिवाळ्यात जी दैना झाली ती लिहिताना माझा हात अडखळला. बंदरात वैरण होती आणि काही मैलांवर, चिखलापलीकडे, उपाशी घोडी एकमेकांच्या शेपट्या आणि आयाळी खात होती.

कार्डिगन डिसेंबरमध्येच क्रिमिया सोडून निघाला. इंग्लंडात त्याचं देवासारखं स्वागत झालं. त्याची चित्रं विकली गेली, टेनिसनच्या कवितेने ती दौड घराघरात पोचवली, आणि पुढून बटणांची जी विणलेली लोकरी बंडी आज आपल्याकडेही थंडीत घातली जाते, तिला त्याचं नाव चिकटलं. तो घोडदळाचा इन्स्पेक्टर जनरल झाला. मागाहून हळूहळू बाकीची हकीकत बाहेर आली. रॅग्लनच्या पुतणीचा मुलगा कॅल्थॉर्प याने पुस्तकात लिहिलं की कार्डिगन तोफांपर्यंत पोचलाच नव्हता. 1863 मध्ये कार्डिगन न्यायालयात गेला. तो पोचला होता, हे न्यायालयाने मान्य केलं, पण दावा फेटाळला. 28 मार्च 1868 रोजी, घोड्यावरून पडल्यानंतर, डीन पार्कला त्याचा अंत झाला. रोनाल्ड त्याच्यामागे चार वर्षं जगला. त्याचं डोकं पेंढा भरून अजूनही त्या वाड्यात जपलेलं आहे. धन्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1871 पासून, हुद्द्यांची विक्री बंद झाली.

हे चरित्र मराठीत का, असं मला लिहिताना अनेकांनी विचारलं. शिलेदारीचा दुवा मी वर सांगितला, पण खरं कारण दुसरं आहे. बालाक्लावाच्या दरीतून परतलेल्या रेजिमेंटांपैकी दोन, आठवी हुसार्स आणि सतरावी लान्सर्स, पुढे हिंदुस्थानात आल्या. सतरावी तात्या टोपे यांच्या पाठलागावर होती. आठवी, म्हणजे जिच्यात कार्डिगन कॉर्नेट म्हणून शिरला होता ती, जून 1858 मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सरायच्या मैदानात उतरली. तिचा कॅप्टन क्लेमंट हेनेज बालाक्लावाला तोफांवर चालून गेलेला होता. इथल्या हल्ल्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. समोर स्वाराच्या वेषात, स्वतः घोड्यावर, राणी लक्ष्मीबाई होत्या. मोरोपंत तांब्यांची ही मुलगी घोड्याची पारख करण्यात नावाजलेली, आणि तिने आपला हुद्दा कुठल्याही दरपत्रकातून घेतलेला नव्हता. त्या चकमकीत त्या पडल्या.

हल्ल्याची ती हकीकत लंडनला पोचली तेव्हा तिथे घोडदळाचा इन्स्पेक्टर जनरल लॉर्ड कार्डिगन होता.